आक्काच्या स्टुलाएवढी गाडी

नेमिनाथ मगदूम मास्तरला नवीन गाडी हौसेसाठी नको होती, हे आधी डोक्यात घ्या, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही नुसते त्यालाच हसाल. हसायचं आहेच, पण जरा दमानं. मास्तरला गाडी पाहिजे होती कारण जुनी गाडी चालू झाली नाही की त्याची आई उपाशी राहायची.

आई म्हणजे आक्का. आक्काचा नियम असा, की सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जाऊन देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. लग्नाच्या आधीपासूनचा नियम. दुसरा नियम, सूर्य बुडाला की जेवण बंद. म्हणजे बाईला खायची मुभा मधल्या वेळात, आणि तो मधला वेळ कधी सुरू होणार हे गाडीच्या मर्जीवर. बस्ती काही लांब नाही, सांगलीतच, दोन गल्ल्या आणि एक चौक. पण आक्काचे गुडघे गेलेले. रिक्षा म्हणाल तर एकदा एका रिक्षावाल्यानं तिला खड्ड्यातनं असं उडवलं, की ती तशीच बस्तीत गेली आणि जन्मभर रिक्षात न बसायचा नियम घेऊन परत आली. आक्का नियम घेते तशी आपली माणसं कोथिंबीर घेतात, जाता जाता.

मास्तरनं मात्र जन्मात एकही नियम घेतला नव्हता. "नेमू, बटाटा तरी सोड की रं," आक्का दर चातुर्मासात म्हणायची. मास्तर "बघू" म्हणायचा आणि शाळेबाहेर वडापाव खाऊन यायचा. आणि घरी विचारलं की खरं सांगायचा. कारण मास्तरचा एक मोठा दोष आहे गड्यांनो, त्याला खोटं बोलता येत नाही. भूमिती शिकवतो ना. सिद्ध झाल्याशिवाय तोंडातनं शब्द निघत नाही आणि सिद्ध झालेला शब्द आत राहत नाही.

आता जुनी गाडी. ती पांढरी, आणि एका जागी उभी राहण्यात पटाईत, म्हणून गल्लीनं तिचं नाव ठेवलं होतं बगळी. बगळीचा स्वभाव विचित्र. हायवेला लागली की वारं प्यायल्यासारखी पळायची आणि सांगलीत शिरली की बसायची. मिस्त्री झाले. एकानं सांगितलं करंट जात नाही, दुसऱ्यानं सांगितलं करंट जास्त जातोय. हॉर्न तेवढा ठणठणीत. आणि पुढची सीट बसून बसून इतकी खाली गेलेली, की आक्काला आत सोडावं लागायचं आणि बाहेर ओढावं लागायचं. विहिरीतनं घागर काढतात तसं.

तर एके दिवशी मास्तरची बायको त्रिशलावहिनी चालवत असताना बगळी चौकातच बसली, आक्का बगळीत बसली, आणि दुपार झाली तरी आक्काच्या पोटात पाणी नाही. मास्तर शाळेतनं पळत आला तेव्हा आक्का डोळे मिटून माळ ओढत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती म्हणली, "आलास व्हय? मला वाटलं, तुझा तास हाय." त्या संध्याकाळी मास्तरनं जाहीर केलं, नवीन गाडी. शहरात चालवायला. आक्काला एकटीला चढता-उतरता येईल अशी.

झालं. गल्लीला समजलं.

पहिला आला कृष्णात. तो समोरच राहतो, मूळचा साताऱ्याकडचा, फौजेत ड्रायव्हर होता, आता रिटायर. येताना स्वतःची खुर्ची घेऊन आला, म्हणजे मुक्काम लांबणार हे मास्तरला तिथंच कळलं.

"आवं मास्तर, गाडी घ्यायची तर उंच घ्या. लडाखला मी अशी गाडी चालवलीय, नदीतनं गेलेली कळत नव्हती."

"मला बस्तीला जायचंय, कृष्णात."

"आज बस्ती हाय. उद्या लडाख जाऊ वाटलं तर?"

त्रिशलावहिनी आतनं म्हणल्या, "आक्कांना विचारा, जायचंय का लडाखला." आक्का म्हणली, "तिथं बस्ती हाय का?" मग कृष्णातनं विषय बदलला आणि तिथंच चुकला. म्हणला, "न्हाईतर मग आक्कासाठनं चाकाची खुर्ची आणा की. दोन गल्ल्यांसाठनं गाडी कशाला?"

आक्कानं त्याच्याकडं बघितलं. "मी काय दवाखान्यात हाय व्हय रं?" एवढंच. पुढचा आठवडाभर कृष्णातला त्या घरातनं चहा आला तो बिनसाखरेचा आला.

मास्तरनं मग स्वतःच्या पद्धतीनं सुरुवात केली. प्रश्न काय, तर सीटची उंची. फार खाली नको, फार वर नको. आता आक्का घरात कशावरनं एकटी उठते? स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावरनं. खुर्चीवरनं नाही, पलंगावरनं नाही, फक्त त्या स्टुलावरनं. म्हणजे स्टुलाएवढी सीट असलेली गाडी हे उत्तर. पट्टीनं मोजून न्यायचं की नाही? पण मास्तर म्हणला, सीट दबते, पट्टीला ते कळत नाही, प्रत्यक्ष तुलना पाहिजे. त्यानं स्टूल बगलेत मारलं आणि सगळं घर घेऊन शोरूमला निघाला.

पहिल्या शोरूमच्या दारातल्या वॉचमननं त्याला मागच्या दाराकडं पाठवलं. "फर्निचरवाले तिकडनं."

मास्तरचा अपमान इथनं सुरू झाला म्हणायला हरकत नाही.

आत राजवर्धन नावाचा सेल्समन होता. टाय लावलेला, गोड, आणि कोणाचं ऐकून न घेणारा. त्यानं त्रिशलावहिनींना सीटवर बसवलं आणि म्हणला, "मॅडम, फील घ्या. प्रीमियम लेदर आहे." वहिनी विस्तवावर बसल्यासारख्या उठल्या. त्यांच्या घरात चामड्याचा पट्टा चालत नाही, पाकीट चालत नाही, आणि हा बाबा त्यांना चामड्यावर बसवून वर फील घ्या म्हणतोय.

"खरं चामडं नाही मॅडम, आर्टिफिशियल आहे."

"मग लेदर कशाला म्हणता?"

"भारी वाटतं म्हणून."

"आम्हाला घाण वाटतं."

तेवढ्यात मास्तरच्या लेकीनं, प्राचीनं, दुसऱ्या गाडीत बसून छताचं बटण दाबलं होतं, आणि छत सरकत मागं जाताना आक्का तोंड वर करून बघत होती. "ह्याचं पैसं जास्त पडतात?" तिनं विचारलं. राजवर्धन अभिमानानं हो म्हणला. आक्का म्हणली, "आमच्या जुन्या घराला असलंच भोक होतं. आम्ही बुजवायला पैसं दिलं."

स्टूल लावून बघण्याचा कार्यक्रम तर विचारू नका. मास्तर गाडीच्या दाराशी स्टूल ठेवणार, आक्का आधी स्टुलावर बसणार, उठणार, मग सीटवर बसणार, उठणार. एका गाडीत बसली ती उठेना. एका गाडीत चढेना. लोक गोळा झाले. एका बाईंनी मास्तरला विचारलं, "हे स्टूल गाडीबरोबर फ्री आहे का?" मास्तर नको ते बोलला असता, पण तो शिक्षक माणूस. तो म्हणला, "नाही. हे प्रमाण आहे." बाईंना वाटलं कसलंतरी सर्टिफिकेट आहे, त्यांनीही मागितलं.

शेवटी एक गाडी सापडली. छोटी, कापडी सीटची, आक्का चढली, बसली, उठली, उतरली, सगळं एकटीनं. मास्तरच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. पण राजवर्धननं आधी जुन्या गाडीची चौकशी काढली, कारण मास्तरचा हिशेब बगळी बदल्यात द्यायचा होता. तसं झालं तरच नवीन जमणार होती.

"सर, जुनी गाडी कशी आहे?"

आता इथं दुसरा कोणी असता तर म्हणला असता, मस्त आहे. मास्तर म्हणला, "शहरात चालत नाही."

वहिनींनी चिमटा काढला.

"म्हणजे कधीकधी सर?"

"नाही. नेहमी. आणि मागचं दार आतनं उघडत नाही. आणि पावसात पायाशी पाणी येतं."

"अपघात?"

"तीन. त्यातला एक मीच केला." चिमट्यांनी मास्तरचा दंड लाल झाला होता, पण विचारलेलं सांगितलं पाहिजे. राजवर्धनचा चेहरा दर वाक्याला एकेक पायरी उतरत होता. शेवटी तो म्हणला, "सर, मॅनेजरना विचारून कळवतो," आणि तुम्हाला माहीत आहे, हे वाक्य म्हणजे काय असतं.

ते कळवेपर्यंत गल्ली गप्प बसणार होय? कृष्णातनं, बिनसाखरेच्या चहाचं प्रायश्चित्त म्हणून, साताऱ्यातली एक वापरलेली गाडी काढली. त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीतली. "एका हातानं चालवलेली. घर ते देऊळ, देऊळ ते घर. आक्कासाठनंच बनवलीय म्हणा."

रविवारी पहाटे बस्तीचं दर्शन उरकून सगळे बगळीतनं साताऱ्याला निघाले. मास्तर, आक्का, वहिनी, प्राची, कृष्णात आणि स्टूल. बगळी कराड कधी मागं पडलं ते कळू न देता साताऱ्यात पोचली. गाडी खरंच बघण्यासारखी होती. स्टूल लावलं, उंची बरोब्बर. मास्तर म्हणला, वा. एवढ्यात आक्का नाक वर करून म्हणली, "नेमू, गोड वास कशाचा रं?"

प्राचीनं मागच्या सीटखाली हात घातला आणि वाळलेल्या स्ट्रॉबेरीचा देठ काढला. मग दुसरा. मग स्ट्रॉबेरी ठेवायची रिकामी टोपली निघाली. कृष्णातनं टपावर हात फिरवला तर कॅरिअरची भोकं, रंगानं बुजवलेली. आणि काचेवर कोपऱ्यात अर्धा खरडलेला स्टिकर, 'सर्व पॉइंट दाख'. पुढचं खरडून गेलं होतं, पण कळायला तेवढं पुरे.

मालक अजून म्हणतच होता, "फक्त देवाला जायला वापरलीय ओ."

आक्कानं शांतपणे विचारलं, "कुठल्या देवाला? महाबळेश्वरच्या?"

मालक आत पाणी आणायला गेला तो आलाच नाही.

परत येताना कृष्णात स्टूल मांडीवर घेऊन, तोंड लपवून बसला. आणि कराडच्या पुढं आल्यावर आक्कानं काचेतनं सूर्याकडं बघितलं. सूर्य खाली आलेला. म्हणजे घरी पोचेपर्यंत जेवणाची वेळ संपणार. वहिनी तयारीच्या, त्यांनी दशम्या, चटणी, दही सगळं बांधून आणलेलं. हायवेच्या कडेला बगळी थांबवली, बगळीच्या बॉनेटवर पान मांडलं, आक्काला त्या स्टुलावर बसवलं, आणि सूर्याशी शर्यत लावल्यासारखं सगळ्यांनी जेवण उरकलं. येणारे जाणारे ट्रकवाले हात करत होते. त्यांना वाटलं, ढाबा आहे.

जेवण झालं, आणि बगळी चालू होईना. हायवेवर पहिल्यांदाच.

"उतरा सगळे," कृष्णात गरजला, त्याला अखेर काम मिळालं होतं. "आक्का तुमी बसा. मास्तर स्टेरिंग. बाकी मागं. जोर लगाके!" ढकलत ढकलत बरंच अंतर गेल्यावर बगळीनं एक उचकी दिली आणि चालू झाली. सगळे घामाघूम होऊन आत आले, तर आक्का खुशीत. "नेमू, ढकलल्यावर बरी चालती की रं. आवाज न्हाई, धक्का न्हाई. रोज अशी चालव."

मास्तर हसला नाही. त्यानं तोवर हसायचं सोडलं होतं. नियम म्हणून नव्हे, अंगात त्राण नव्हतं म्हणून.

पुढच्या आठवड्यात राजवर्धनचा फोन आला, मॅनेजर तयार आहेत. का तयार झाले देव जाणे, महिना संपत आला असेल. पण मास्तर म्हणला, आधी ती गाडी माझ्या फाटकातनं आत जाते का बघू. आणली. फाटकासमोर विजेचा खांब. कृष्णात पुढं उभा राहून हात हलवतोय, "आने दो, आने दो, आने दो... बस!" आणि त्याचं 'बस' नेहमी धडक झाल्यावर यायचं. फौजेत रस्ते रुंद असतात. आरसा खांबाला लागला. खांब हलवा म्हणून मास्तर खांबाच्या ऑफिसात गेला, तिथं कळलं, खांब आमचा पण जागा रस्तेवाल्यांची. रस्त्याच्या ऑफिसात गेला, तिथं कळलं, जागा आमची पण तिच्यावर खांब दिसत नाही, आमच्या नकाशात तिथं झाड आहे. मास्तर म्हणला, साहेब, मी रोज बघतो, खांब आहे. साहेब म्हणले, मग झाड कोणी तोडलं? त्यावर मास्तरलाच लेखी खुलासा द्यायला सांगितला. तो हात जोडून बाहेर आला आणि घरी येऊन त्यानं स्वतःचंच फाटक काढून टाकलं. खांब राहिला, फाटक गेलं. गाडी आत जायची सोय झाली, आणि त्याबरोबर गल्लीतली दोन कुत्री पण.

ह्या सगळ्यात चातुर्मास लागला होता. बस्तीत एक मुनी महाराज मुक्कामाला आलेले. आता तुमच्यातल्या ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराज दिवसातनं एकदाच आहार घेतात, तोही कोणाच्याही घरी नाही. सकाळी निघताना मनात एक खूण धरतात, तिला विधी म्हणतात. ती खूण ज्या दारात दिसेल तिथंच थांबायचं, नाही दिसली तर तसंच उपाशी परत. खूण कोणाला सांगत नाहीत. मग काय, सकाळी गल्लीतली जैन घरं शुद्ध कपडे घालून, कलश, नारळ, फळं घेऊन दारात उभी. कोण एक नारळ धरतोय, कोण दोन. एका घरात तर नवरा-बायकोनं मिळून ऊस धरलेला. वहिनी पहिल्या दिवसापासनं उभ्या राहत होत्या. महाराज रोज समोरनं जायचे आणि रोज पुढं जायचे. महाराजांना आपल्या हातानं आहार द्यायचा, आक्काची ती एकच इच्छा उरली होती, आणि तिला उभं राहता येत नव्हतं.

नवीन गाडी यायचा दिवस उजाडला. सकाळी लवकर राजवर्धन नवी गाडी घेऊन हजर, तिच्यावर हार, आणि हातात फोटोसाठी पुठ्ठ्याची ही एवढी मोठी किल्ली, त्याच्या खांद्याएवढी. नवीन देणार, बगळी नेणार. मास्तर शुद्ध धोतर-दुपट्ट्यात, कारण महाराजांची वेळ होत आलेली. आणि बगळी फाटकाच्या जागेत आडवी. चालू होईना. कृष्णातनं बॉनेट उघडून आत डोकं घातलेलं. आक्का म्हणली, "मला एकदा शेवटची बसू दे हिच्यात. तुझ्या वडलांनी आणलेली." बसवली. ती खाली गेली सीटमध्ये, मांडीवर नारळ घेऊन.

आणि कोपऱ्यावरनं महाराज वळले. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, नजर खाली.

घाई उडाली. "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु!" सगळी दारं एकदम म्हणायला लागली. वहिनी कलश घेऊन पुढं. राजवर्धनला काय करावं कळेना, तो किल्ली छातीशी धरून भिंतीला चिकटून उभा. कृष्णात बॉनेटमधनं बाहेर येईना, त्याला वाटलं, हललो तर पाप लागेल. आणि आक्का गाडीतनं उठायची धडपड करतेय, उठता येईना. मास्तरनं तिला ओढायला हात पुढं केला, पण तिच्या हातात नारळ, नारळ सोडायचा नाही, म्हणून त्यानं नारळालाच धरून ओढलं. एका बाजूनं आईचे हात, दुसऱ्या बाजूनं मुलाचे, मध्ये नारळ, आणि आक्का सीटवरनं अर्धी वर.

महाराज थांबले.

पुढं गेले नाहीत, मागं गेले नाहीत. बगळीसमोर उभे. वहिनींना आधी कळलंच नाही, कळलं तेव्हा त्यांनी हातातला कलश सावरला. मग सगळ्यांनी महाराजांभोवती तीन फेऱ्या घातल्या. आक्कानं पण घातल्या, मास्तरच्या खांद्यावर हात ठेवून, कशा घातल्या तिलाच माहीत. महाराजांचा आहार मगदुमांच्या घरी झाला. आक्कानं स्वतःच्या हातानं दिला. त्यावेळचा तिचा चेहरा सांगायचा मी प्रयत्न करत नाही, तिथं विनोद चालत नाही.

महाराज गेले आणि राजवर्धन हळूच म्हणला, "सर, मग किल्ली..."

आक्का म्हणली, "गाडी कुठं जायची न्हाई."

"कुठली गाडी, आक्का?" मास्तरनं विचारलं.

"हीच. हिच्यापुढं महाराज थांबले. हिला कोण इकतं का?"

आता बोला. गाडी ठेवायला जागा एक, आणि बदल्यात बगळी दिली नाही तर नवीन जमत नाही. मास्तरनं आईकडं बघितलं, नव्या गाडीच्या त्या बरोब्बर उंचीच्या सीटकडं बघितलं. मग हार काढून राजवर्धनला परत दिला. राजवर्धन हळहळत गेला, जाताना पुठ्ठ्याची किल्ली तिथंच विसरला.

आणि दुसऱ्या दिवसापासनं खरी गंमत. सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं, खूण म्हणजे गाडीच. कोणी म्हणलं, गाडी अधिक उघडं बॉनेट. कोणी म्हणलं, पुठ्ठ्याची किल्ली. ती किल्ली तर घरोघर फिरायला लागली. एक म्हातारा शेजारी हळूच येऊन म्हणला, "मास्तर, उद्या सकाळी बगळी आमच्या दारात लावता का?" दुसरा म्हणला, परवा आमच्या. पण बगळी चालतेय कुठं? मग सकाळी सकाळी माणसं येऊन तिला ढकलायला लागली. आज ह्याच्या दारात, उद्या त्याच्या. आणि कृष्णातनं, पुन्हा गोड चहा सुरू झालेल्या कृष्णातनं, ह्यात शिस्त आणली. "एवढी ढकलताच हाय, तर आदी आक्काला बस्तीला नेऊन आणायचं. मग ज्याची पाळी त्याच्या दारात. कदम ताल!"

अशी गड्यांनो आक्का रोज बस्तीला जायला लागली. दोन गल्ल्या, एक चौक. आवाज नाही, धक्का नाही. दर्शन वेळेत, पाणी वेळेत, जेवण वेळेत. तेल नाही, चार्जिंग नाही. शहरात चालवायला ह्यापेक्षा चांगली गाडी मास्तरला कुठल्या शोरूममध्ये मिळाली असती सांगा. आणि मास्तर रोज स्टेरिंगवर. शाळेतली पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून सलाम ठोकतात. भूमितीच्या मास्तरला ढकलत चाललेत.

पण मास्तरच्या मनाला चैन कुठलं. सिद्ध झालं नव्हतं ना. एका दुपारी तो एकटाच बस्तीत गेला, नमस्कार करून बसला, आणि विचारलं, महाराज, त्या दिवशीचा विधी काय होता?

महाराजांनी सहज सांगितलं. "एका नारळाला आई आणि मुलगा, दोघांचे हात."

गाडी नाही. बॉनेट नाही. किल्ली नाही. लगेच दुसरा विचार आला, की बगळीची सीट खाली गेलेली नसती तर आक्का एकटी उठली असती, नारळाला हात लावायची वेळच आली नसती. म्हणजे गाडी होती पण, आणि नव्हती पण. भूमितीत असलं चालत नाही. आणि तिसरा विचार आला तेव्हा त्याला घाम फुटला. गल्लीला कळलं, तर उद्यापासनं सगळे आयांना घेऊन नारळ धरून उभे राहणार. बगळीला कोण ढकलणार? आणि आक्का?

खोटं बोलता येत नाही. खरं सांगितलं तर आई उपाशी. मास्तर हात जोडून म्हणला, "महाराज, एक नियम द्या."

जन्मातला पहिला नियम. चातुर्मास संपेपर्यंत मौन.

घरी आला तेव्हा आक्काला आनंदानं रडू आलं. बटाटा सोड म्हणत होते, लेकानं बोलणंच सोडलं. गल्लीत कौतुक. शाळेत तो नुसत्या फळ्यावर शिकवतो, आणि पोरं म्हणतात, ह्या वर्षी पहिल्यांदा भूमिती कळायला लागलीय. त्रिशलावहिनींना तेवढा संशय आहे, पण त्यांना घरात शांतता लाभलीय, त्या कशाला खोदून विचारतील.

परवा मी पण ढकलायला होतो. बगळी चौकात आली आणि कृष्णातला राहवेना. पळत पळत खिडकीशी आला, धापा टाकत म्हणला, "मास्तर, बोलू नका, नुसती मान हलवा. महाराज गाडीसाठनंच थांबले व्हते न्हवं?"

मास्तरनं त्याच्याकडं बघितलं नाही. मान हलवली असती तर खोटं, नसती हलवली तर खरं. तो समोर बघत राहिला, थकलेला, घामेजलेला, आणि कोपर घसरून त्याचा हात हॉर्नवर पडला. बगळीनं सगळा चौक दणाणून टाकला.

"व्हय म्हणाले!" कृष्णात ओरडला. "लावा जोर!"

बगळी सुटली. मास्तरनं दचकून हात काढला. शेजारी आक्का माळ ओढत बसलेली. तिनं माळ थांबवली, मुलाकडं बघितलं आणि हळूच म्हणली, "नेमू, हॉर्न वाजवलास, तो बोलण्यात धरायचा का रं?"